मुरमे आणि रक्तातील मेद

बंगळूरच्या चामराजपेटेतील मराठी घर असो की आपल्याकडचे, सोळा वर्षांच्या मुलीच्या गालावर मुरमे उठली की पहिली बंदी येते ती तुपावर. ‘रक्तात चरबी वाढली’ हे निदान घरातच होते. अलीकडे तर मुलीचे रक्तही तपासून आणतात आणि कोलेस्टेरॉलचा आकडा बरोबर निघाला की आई अधिकच गोंधळते.

चेहऱ्यावरचे तेल रक्तातून पाझरत नाही. केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी ते बहुतांशी स्वतःच बनवतात. वयात येताना वाढणाऱ्या पुंस्प्रेरकांमुळे (ही मुलींच्या शरीरातही थोडी असतात) त्या ग्रंथी अधिक काम करू लागतात. तेल व मृत पेशी यांनी छिद्र बुजते, आत जंतू वाढतात आणि मुरूम येतो. बिचाऱ्या तुपाचा यात फारसा दोष दिसत नाही. उलट, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात, रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे अन्न 12 आठवडे कमी केलेल्या तरुणांची मुरमे अधिक ओसरली. तेव्हा नजर ठेवायची तर साखर आणि मैदा यांवर ठेवावी.

मात्र मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर बीजकोशाच्या विकाराची शंका घ्यावी. त्यात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, पुंस्प्रेरके वाढतात आणि पुष्कळदा रक्तातील मेदाचे प्रमाणही बिघडते. अशा मुलीचे रक्त अवश्य तपासावे. चामराजपेटेजवळ 1900 साली सुरू झालेले व्हिक्टोरिया हे सरकारी रुग्णालय आहे. आपल्याही गावी असे एखादे असेलच. तेथे जाण्यात संकोच कसला?

रक्ततपासणीचे दुसरे कारण म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. हट्टी मुरमांवर ते फार गुणकारी आहे. परंतु त्याने रक्तातील ट्रायग्लिसराइड हा मेद वाढू शकतो, आणि तो अतोनात वाढला तर स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून औषधापूर्वी व औषध चालू असताना डॉक्टर रक्त तपासतात. याहून मोठा धोका गर्भाला आहे. गरोदरपणी हे औषध पोटात गेल्यास बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात. औषध थांबवल्यावरही निदान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. शेजारणीच्या मुलीला गुण आला म्हणून तिच्या उरलेल्या गोळ्या लग्न ठरलेल्या आपल्या मुलीला कोणी देऊ केल्या, तर त्या घेऊ नयेत.