शोधण्याची मजुरी

पावसाळा सुरू झाला की हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनची नळी मागणारे दिसू लागतात. गळतंय ना, मग लाव तिथे. घराची खिडकी असो नाहीतर गाडीची, आपला इलाज एकच. मला याबद्दल थोडं बोलायचं आहे. गळती बुजवण्याचे पैसे आपण लगेच काढून देतो, पण ती शोधण्याचे पैसे मागितले की आपला हात आखडतो. यात गिऱ्हाईक तर फसतंच, पण खरा कारागीरही मरतो.

उदाहरण आमच्या हिवरखेडचंच देतो. मोहल्ल्यातल्या एका पिंजारी चाचांकडे जुनी मॅटाडोर आहे. आत कापूस पिंजण्याची मशीन, गठ्ठे, एक चूल आणि झोपायला फळी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून ते गाद्या-रजया भरून देत फिरतात आणि रात्री गाडीतच मुक्काम करतात. अकोला–खंडवा मीटरगेज गाडी २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हापासून सामानासकट धूळघाटकडे जायचं तर रस्त्याशिवाय पर्याय उरला नाही. म्हणजे ही गाडी त्यांचं दुकान आहे आणि घरही. रजईचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि परतीचा पाऊसही नेमका त्याच दिवसांत येतो. कापूस भिजला की जड होतो, कुबट वास मारतो, बुरशी धरतो. असा कापूस लेकीच्या रुखवतातल्या गादीत कोण भरून घेईल?

गाडीच्या सरकत्या काचांच्या खिडक्या नंतर बसवलेल्या. पाणी फळीवर टपकायचं. एका कारागिराने घाईघाईत बाहेरून चारही बाजूंनी सिलिकॉन फिरवलं. पुढच्या पावसात पाणी दुप्पट आलं.

मग मोहल्ल्यातल्याच एका बॉडी मिस्त्रींनी गाडी पाहिली. ते म्हणाले, “गुरुजी, थेंब जिथी पडते तिथी भोक नसते. वरून पाहा लागते.” पाणी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून शिरतं, पत्र्याच्या आतल्या पट्टीवरून सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून त्यांनी कोरड्या दिवशी गाडी उन्हात लावली आणि आतल्या कडांना कोरडी पावडर भुरभुरवली. शागीर्द बॅटरी घेऊन आत बसला. बाहेरून नळीने हळू पाणी सोडलं, तेही खालून वर, एका वेळी एकच सांधा, प्रत्येकावर काही मिनिटं. आधीच वरून पाणी ओतलं असतं तर सगळंच ओलं झालं असतं आणि काहीच कळलं नसतं. पावडरीवर ओघळ उमटला की शागीर्द खडूने खूण करायचा.

दोन कारणं निघाली. पहिलं, वरच्या कोपऱ्यातलं रबर उन्हाने कडक होऊन आखडलं होतं. दुसरं कारण मात्र चाचांच्या धंद्यातूनच आलेलं. काच सरकते त्या खाचेला तळाशी पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. पिंजलेल्या कापसाच्या तंतूंनी ती आधीच अर्धी तुंबली होती, आणि उरलेली वाट बाहेरच्या सिलिकॉनने बंद केली. खाच भरली की पाणी आत सांडणारच.

दुरुस्ती त्यामानाने सोपी होती. खिडकी काढली, जुना चिकट थर खरवडला. जुन्या सिलिकॉनवर नवं काही नीट धरत नाही. गंज घासून प्रायमर मारला. चौकटीच्या काठाखाली ब्यूटाइलची मऊ टेप बसवली आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. नवं रबर घातलं. खालची भोकं तारेने मोकळी केली, आणि ती दर आठवड्याला साफ करायची अशी चाचांना ताकीद दिली.

अमेरिकेत एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये रिव्हेट ठोकलेल्या अॅल्युमिनियमच्या फिरत्या घराची गाडी बाजारात आणली. अशा जुन्या गाड्या हौसेने जपणारे लोकही गळती अशीच पाण्याने शोधतात आणि खिडकी काढून पुन्हा बसवतात. तिथे तो छंद आहे, इथे रोजी आहे. पाण्याचा स्वभाव मात्र दोन्हीकडे एकच.

आता मुद्द्यावर येतो. मिस्त्रींनी हिशेब सांगितला तेव्हा जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, “टेप तर एवढीशी लागली, बाकी काय, पाणीच तर मारलं!” डॉक्टरने नाडी पाहून औषध लिहिलं तर आपण फी देतो, फक्त गोळ्यांची किंमत देऊन येत नाही. मग मिस्त्रीच्या डोळ्याची किंमत शून्य का? आपण नळीचेच पैसे देणार असू, तर कारागीर नळीच फिरवेल. त्याने अर्धा दिवस शोधत का बसावं? घाईचं काम वाईट म्हणून आपण ओरडतो, पण ते घाईचं काम आपणच विकत घेतलेलं असतं.

आमच्या समाजात डेंटर, वेल्डर, गादीवाले, रबर-काचवाले घरोघरी आहेत. त्यांचं हे शास्त्र ना उर्दूत लिहिलं गेलं, ना मराठीत. तो शागीर्द माझ्या शाळेत दहावीपर्यंत होता. निबंध लिहायचा म्हटलं की कोरा कागद द्यायचा. गळती कशी शोधली ते लिही, असं मी त्याला सांगितलं, आणि त्याने दीड पान लिहून आणलं, अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत. एकही पायरी चुकली नव्हती. पण आता तो हे काम सोडून पुण्याला जायचं म्हणतो, कारण इथे शोधण्याचे पैसे मिळत नाहीत.

पुढच्या वेळी मिस्त्री म्हणाला, “आधी पाहू द्या,” तर त्याला पाहू द्या. आणि पाहण्याचे पैसे वेगळे द्या.