रिकाम्या पेटीचे मोल

दुकानातील माल विकला जातो आणि पेटी उरते. ती जागा अडविते, म्हणून बहुतेक पेढ्यांवर तिची रवानगी भंगारात होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सिगार विक्रेत्यांपुढेही अशाच रिकाम्या पेट्यांचा ढीग साचत असे. त्या पेट्यांचे मोल मात्र तेथील सामान्य माणसांनी ओळखले.

१८६० च्या दशकात अमेरिकी सरकारने सिगारवर कर बसविला. वसुली चोख व्हावी म्हणून सिगार ठरावीक संख्येने पेटीत भरून विकावेत आणि पेटीवर कराचे तिकीट लावावे, असा नियम झाला. कर चुकविला जाऊ नये यासाठी तीच पेटी पुन्हा सिगारसाठी वापरण्यास मनाई होती. तशी ताकीद पेटीवर छापलेली असे. त्यामुळे दुकानदाराच्या दृष्टीने रिकामी पेटी निरुपयोगी ठरली.

लाकूड मात्र उत्तम होते. 'स्पॅनिश सीडर' म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष देवदाराचा नव्हे, तर आपल्या कडुनिंबाचा कुळबंधू आहे. त्याचे लाकूड हलके, सुवासिक आणि साध्या चाकूने कोरता येण्याजोगे असते. त्या पातळ फळ्यांच्या कडांना खाचा पाडून, थरावर थर चिकटवून तसबिरींच्या चौकटी आणि दागिन्यांचे डबे घडले. या कलेला 'ट्रॅम्प आर्ट', म्हणजे भटक्यांची कला, असे नाव पडले. परंतु ती जोपासणारे बहुतांशी घरसंसार असलेले श्रमिक होते, असे पुढे अभ्यासकांना आढळले.

वाद्य विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी पेटीला दांडा जोडून तारा ताणल्या. पेटीचे पातळ झाकण तारेबरोबर कंप पावते आणि आतील पोकळी तो नाद वाढविते. चित्रकार एडविन फोर्ब्ज यांच्या १८७६ च्या एका चित्रात यादवी युद्धातील सैनिक छावणीत सिगारच्या पेटीचे व्हायोलिन वाजविताना दिसतो. घरापासून दूर असलेल्या त्या शिपायाला एवढ्यानेही विरंगुळा लाभला असेल.

आपल्या घरांत सिगारची पेटी येण्याचे कारण नाही. अत्तराची वा सुक्या मेव्याची लाकडी पेटी मात्र येते. ती खऱ्या लाकडाची आहे की कागद चिकटविलेल्या पुठ्ठ्याची, हे कडेवरून ओळखता येते. सांधे घट्ट असावेत, झाकण पातळ व बिनतड्याचे असावे. कोंदट वास येत असेल तर काही दिवस उघडी ठेवावी. जुने छापील लेबल शाबूत असल्यास ते खरवडू नये. पेढीचा इतिहास पुष्कळदा तेवढाच उरलेला असतो.

पेटी जपून माळ्यावर टाकली, तर तिथेही ती जागाच अडविते. सुटीच्या दिवशी तीच पेटी, लहान करवत आणि सरस नातवंडांपुढे ठेवून आजोबांनी शेजारी बसावे. पहिले वाद्य बेसूर वाजेल. दुसरे करताना चूक कुठे झाली, ते मुलांना आपोआप उमगेल.