प्रिय, पण तो की ती?

हंगेरी देशाची भाषा आमच्या बुलढाण्यात कुणाला येत असेल, असे मला वाटत नाही. मलाही ती येत नाही. तरी गेला महिनाभर तिच्यातला एक शब्द माझ्या मानगुटीवर बसला आहे : 'केदवेशेम'.

युरोपातले देश १९५६ पासून गाण्यांची एक स्पर्धा भरवीत आले आहेत. प्रत्येक देशाचे एकच गाणे, तेही तीन मिनिटांत बसणारे. आणि आपल्याच देशाच्या गाण्याला मत द्यायची मुभा नाही! (हा नियम स्नेहसंमेलनांनाही लावावा, असे मला फार वाटते.) गाणे स्वतःच्या देशाच्याच भाषेत हवे, असा दंडक १९६६ साली आला, मध्ये काही वर्षे सैल झाला आणि १९९९ साली उठला. मग काय, बहुतेकांनी इंग्रजीची कास धरली. २०१३ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरी हंगेरीचा बायअ‍ॅलेक्स मात्र आपल्याच भाषेत गायला. डोक्यावर विणलेली टोपी, आणि पाळण्यातले मूल जागे होऊ नये इतका हळू आवाज. अंतिम फेरीतल्या २६ गाण्यांत तो दहावा आला. पहिला नंबर डेन्मार्कच्या गाण्याचा. ते इंग्रजीत होते.

'केदवेशेम' हे त्या गाण्याचे नाव. 'केदवेश' म्हणजे प्रिय, आणि शेवटचा 'एम' म्हणजे माझे. आपल्या विभक्तीसारखा तो शब्दालाच चिकटतो. इथवर ठीक. पण हंगेरीच्या भाषेत लिंगभेदच नाही! 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम. मराठी करायला बसलो, तर 'माझा' लिहू की 'माझी'? वर्गात हा प्रश्न टाकला, तेव्हा मुले नुसतीच हसली. घरी टाकला, तर भाजी निवडता निवडता आमची मंडळी म्हणाली, "अहो, त्यात काय? माहं माणूस!" वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, नपुंसकलिंगात एवढी माया असते, हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचे आठवत नाही.

हे सारे सुचण्याचे कारण आमची एक विद्यार्थिनी. आजीकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या ती अशा गाते की ऐकणाऱ्याने चहा विसरावा. संमेलनाच्या स्पर्धेत मात्र तिला हिंदी सिनेगीत म्हणायचे आहे. "सर, वऱ्हाडी गावंढळ वाटते हो. परीक्षक बाहेरचे असतात." परीक्षक बाहेरचे! माल्मोत तर सगळेच बाहेरचे होते. हंगेरीची वस्ती एक कोटीच्याही आत, आणि मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर. मग लाजायचे कुणी?

मी तिला आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची गोष्ट सांगितली. पेशाने वकील, राहणे मेहकरला. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० नंतरच्या दशकात गाऊन ध्वनिमुद्रिकेवर आणली, आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळजण तिथूनच धरतात. पुढे १९८६ साली 'खूणगाठी'साठी साहित्य अकादमीने त्यांना गौरवले. हा माणूस मेहकरलाच राहिला; गाणे तेवढे बाहेर गेले.

ती ऐकून घेते, मान हलवते आणि म्हणते, "पण सर, ते देशपांडे होते." यावर काय बोलावे?

स्पर्धेसाठी तिने नाव दिले आहे. अर्जातला गाण्याचा रकाना अजून कोरा आहे. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मुदत आहे.