केकला सोवळं नसतं

भाद्रपद सरत आला की कोकणातल्या बाजारात तवशी दिसायला लागतात. तवसं म्हणजे जून झालेली, पिवळट सालीची, एका हातात न मावणारी काकडी. देशावरच्या मैत्रिणींना ती कोशिंबिरीपुरतीच माहीत असेल, पण तिची खरी करामत तवसळीत. कुणी तिला धोंडस म्हणतं. तांदळाचा रवा, किसलेलं तवसं, गूळ आणि ओलं खोबरं एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, खाली मंद जाळ आणि वर झाकणावर निखारे. खालून-वरून शेकून निघालेल्या या गोड, खरपूस ऐवजाला केक नाही तर काय म्हणायचं? ओव्हन हा शब्द घरात यायच्या कितीतरी आधी आपल्या पणज्या बेकिंग करत होत्या. फक्त त्यांना कुणी त्याचं सर्टिफिकेट दिलं नाही.

आता तालुक्याच्या गावातही वाढदिवसाचा केक बेकरीतून येतो, वर क्रीमने नाव लिहिलेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सुचवायचंय ते वेगळंच. दरवर्षी शरदात, कोजागिरीच्या आसपास, घरी एक साधा केक भाजावा आणि तो ‘आपल्या घराचा रिवाज’ म्हणून भाजावा. तवसळी करा, नाहीतर भोपळ्याचा करा. पण दरवर्षी करा.

हे म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “आमच्यात नाही हो तसं काही.”

‘आमच्यात’ म्हणजे नक्की कधीपासूनचं आमच्यात? उपासाचंच ताट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूत सेलमच्या भागात साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० च्या दशकात. बटाटा, रताळं, शेंगदाणे आणि खिचडीतली हिरवी मिरची हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतरच्या काळातलं. घारग्यांचा लाल भोपळासुद्धा तिकडचाच. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या बाईने एकादशीला साबुदाण्याची खिचडी केलेली असणं शक्यच नाही. तरी आज खिचडीशिवायची एकादशी आपल्याला एकादशी वाटत नाही. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, पहिल्यांदा ती केली असणार. बहुतेक एखाद्या बाईनेच. सासूने नाक मुरडलं असेल, मुलांनी मात्र पुन्हा मागितली असेल.

एवढं मागे जायचीही गरज नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, हा आपल्यातल्या पुष्कळजणींच्या लहानपणातला सोहळा होता. पत्र्याच्या ट्रेवर आपली नानकटाई ओळखू यावी म्हणून त्यावर खूण करायची. भट्टीसमोर घाम पुसत उभ्या असलेल्या बायका, एकमेकींची प्रमाणं विचारणं, आणि गरम डबे घेऊन घरी परतताना सुटलेला वास! कुठल्या पोथीत होतं ते? बेकरी गावात आली आणि बायकांनी तिला दिवाळीत ओढून घेतलं, इतकंच. शेगडीवर कुकरमध्ये वाळू घालून, शिटी आणि रिंग काढून केलेले केकही तसेच. त्या पिढीने सोय पाहून रिवाज घडवले, परवानगी विचारत बसल्या नाहीत.

पण मला नव्या रिवाजाचं मोल वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. केकला सोवळं नसतं.

आपल्या सणांच्या स्वयंपाकात कोण शिवायचं आणि कोण नाही, याची यादी मोठी आहे. पाळी आलेली मुलगी गणपतीच्या दिवसांत बाजूला बसून दुसऱ्यांनी वळलेले मोदक बघत राहते, हे अजून कितीतरी घरांत चालतं. नवरा गेलेली आत्या पहाटे उठून मणभर पुरण वाटते, पण सवाष्णींच्या पंगतीत तिचं पान नसतं. वेगळ्या जातीतून आलेली सून दहा वर्षं घर सांभाळते, पण कुळाचाराच्या दिवशी “तू राहू दे गं, मी बघते” असं गोड आवाजात सांगून तिला ओट्यापासून लांब ठेवलं जातं. गोड आवाजात सांगितलेलं जास्त लागतं. आणि घरातला मुलगा? त्याला तर कुणी बोलावतच नाही. त्याचं काम थेट ताटावर बसायचं.

सोवळ्याशी भांडावं का? ज्यांना जमतं त्यांनी जरूर भांडावं. पण सासू, दीर, भावकी, शेजार या सगळ्यांशी एकाच वेळी भांडायची ताकद प्रत्येकीत रोज नसते, आणि नसली म्हणून तिला नावं ठेवू नयेत. अशा घरात नवा पदार्थ कामाला येतो. तवसळी देवापुढे ठेवायचीच असं नाही. तिला मुहूर्त नाही, नियम नाही, ‘चालत नाही’ असं काही नाही. तिथे आत्याने पहिली सुरी चालवावी, पाळीतल्या मुलीने पीठ कालवावं, सुनेने तिच्या माहेरची वेलची-जायफळ घालावी. कुणी काय म्हणणार? म्हणायला जुना नियमच नाही!

एक धोका मात्र आहे. नवी प्रथा म्हणजे घरच्या बाईच्या यादीत आणखी एक काम, असं व्हायला वेळ लागत नाही. आधीच नवरात्रीचे उपास, दसऱ्याची साफसफाई, मग दिवाळीचा फराळ. त्यात हिचा केक! “आई, तू दरवर्षी करतेस ना, मग यंदा का नाही?” हे वाक्य ऐकायची तयारी ठेवायची असेल तर यात न पडलेलं बरं. माझं मत स्पष्ट आहे. नवं एक घ्यायचं तर जुनं एक सोडायचं. अनारसे विकत आणा, नाहीतर चकलीचे घाणे निम्मे करा. आणि केक एकटीने करायचाच नाही. एकटीने केलेला तो नुसता पदार्थ, चौघांनी मिळून केला तर रिवाज. ‘नवरा मदत करतो’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. खाणारा तो आहे, तर करणाराही तोच.

तवसळीत कामं वाटायलाही सोपी. तवसं सोलून, बिया आणि मधला मऊ गर काढून किसायचं, हे मुलांकडे द्या. किसण्याआधी देठाकडचा तुकडा चाखायला लावा, कडू निघालं तर सगळंच वाया जाईल. पाणी न पिळता किस चार वाट्या घ्या. दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा दोन चमचे तुपावर मंद भाजायचा, हे काम नवऱ्याला जमतं, फक्त हातात मोबाइल नको. इडलीचा रवाही चालतो. किस आणि दीड वाटी चिरलेला गूळ एकत्र उकळला की त्यात रवा, वाटीभर ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची घालून घट्ट होईपर्यंत ढवळायचं. जाड बुडाच्या भांड्याला तूप लावून तळाशी हळदीचं पान पसरायचं. नसलं तर अडत नाही, पण असलं तर घरभर सांगत सुटतं. त्यावर मिश्रण थापून, झाकण ठेवून, तवा खाली घालून मंद आचेवर साधारण अर्धा-पाऊण तास. ओव्हन असेल तर १८० अंशांवर चाळीस मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. गॅसवर वरून निखारे नसतात म्हणून वरची बाजू फिकट राहते. पूर्ण गार झाल्यावर ताटात उलटी काढली की खरपूस बाजू आपोआप वर. गरम कापाल तर भुगा होईल. दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागते, पण उरली तर.

विदर्भ-मराठवाड्यात तवसं शोधत बसू नका. तिकडे लाल भोपळा, ज्याला विदर्भात कोहळं म्हणतात, तो आहेच. घारग्यांसाठी जसा गुळात शिजवता तसाच शिजवा. गार करून त्यात कणीक, थोडं दही, तूप आणि जरासा सोडा घालून त्याच जाड भांड्यात भाजा. ना मैदा, ना अंडं. दाटसर, ओलसर, घारग्याच्या वासाचा केक होतो, आणि तळणीही वाचते.

दिवस कोजागिरीचाच का? तर त्या रात्री सगळे तसेही गच्चीवर किंवा अंगणात एकत्र असतात, दूध आटवलेलं असतं, कोकणात नव्या भाताची पुनव असते. शिवाय त्या दिवशी आपल्याकडे थोरल्या अपत्याला ओवाळतात, ज्याला आश्विनी म्हणतात. धाकटी पोरं लहानपणी हे बघत उभी राहतात आणि “मला का नाही?” विचारतात. त्यांना आजवर कुणी धड उत्तर दिलेलं नाही. थोरल्याची आश्विनी होऊ दे, ती मोडायचं कारण नाही. पण त्यानंतर तवसळीचं ताट मधे ठेवून धाकट्यांनाही ओवाळा. सुनेला, आत्याला, आईकडे राहायला आलेल्या लेकीला ओवाळा, तिची कहाणी न विचारता. पहिल्या वर्षी सगळे हसतील. दुसऱ्या वर्षी कुणीतरी आठवण करील. आणि तिसऱ्या वर्षी घटस्थापनेलाच धाकटा विचारायला लागेल, बाजारात तवशी आली का?