स्कॅनर घ्या, पण कापडासारखा पारखून

२६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या वस्त्यांत शिरले. आमच्या गोदामातले कापड भिजले. ते वाळवून कमी भावात का होईना विकले गेले. परंतु उधारीच्या वह्या गेल्या त्या गेल्याच. शाईचे अक्षर धुऊन निघाले आणि कोणाकडे किती येणे आहे, हे सांगायला फक्त आमची आठवण उरली. काही गिऱ्हाइकांनी इमानदारीने पैसे आणून दिले, काहींनी नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, त्या दिवशी आम्ही पुन्हा वह्या माळ्यावर चढवत होतो.

देणे-घेणे लिहून ठेवावे, ही तर आपल्याला शिकवणच आहे. लिहिलेले जपणे हाही त्याचाच भाग आहे, असे आमचे मत आहे. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. यासाठी छोट्या दुकानदाराने, कारागिराने साधा स्कॅनर घ्यावा. रोजच्या बिलांना मोबाईल पुरतो. पण करारनामा, जुनी वही आणि वडिलांचे फोटो मोबाईलवर वाकडे आणि सावली पडलेले येतात.

दुकानदार प्रथम डीपीआयचा मोठा आकडा दाखवतो. व्यापारी बांधवांनी त्याला भुलू नये. कागदासाठी ३०० आणि फोटोसाठी ६०० डीपीआय पुष्कळ झाले. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० वर सुमारे २६ एमबी जागा घेते. १२०० वर त्याच्या सोळापट. फाईल दाबून लहान करता येते, पण वेळ जायचा तो जातोच.

खरा फरक आतल्या यंत्रात आहे. स्वस्त स्कॅनर सीआयएस जातीचे असतात. कॅननचा लाइड ३०० हा त्यातलाच. पातळ, हलका, यूएसबीच्या वायरवरच चालणारा. वेगळी वीज लागत नाही. मात्र काचेला चिकटलेले तेवढेच त्याला स्पष्ट दिसते. जाड वहीचा शिवणीकडचा भाग आणि जरदोजीचे उठावदार काम धूसर येते. सीसीडी जातीच्या स्कॅनरला ते जमते, पण तो जड आणि महाग. ज्याला सुटे कागद, फोटो आणि साध्या कापडाचे नमुने उतरवायचे आहेत, त्याने सीआयएस घ्यावा. ज्याचा धंदाच भरतकामाचा आहे, त्याने मात्र थोडे थांबून पैसे जमवावेत.

आणखी एक अडचण मापाची. या स्कॅनरची काच सुमारे २९७ मिलिमीटर लांब, तर लीगल मापाचा कागद ३५६. असा करारनामा दोनदा फिरवून घ्यावा लागतो. जुना स्कॅनर स्वस्तात मिळाला तरी तो आपल्या कॉम्प्युटरवर चालतो का, हे पाहूनच पैसे मोजावेत. नव्या विंडोजवर पुष्कळ जुनी यंत्रे मुकी होतात.

आम्ही कापड कधी लेबल वाचून घेत नाही. हातात घेतो, उजेडात धरतो. तसेच येथेही करावे. आपली सर्वांत जाड वही, सर्वांत लांब कागद आणि सर्वांत फिका फोटो पिशवीत घालून दुकानात जावे आणि समोर स्कॅन करून मागावे. जो दुकानदार नाही म्हणेल, त्याला सलाम करून पुढच्या दुकानात जावे.

स्कॅन झाला म्हणून मूळ कागद मात्र फेकू नये. कोर्टात प्रथम अस्सलच मागतात. आणि स्कॅनची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे ठेवावी. नदी एकाच वेळी दोन्ही घरांत शिरत नाही.