निअँडरथलांशी सोयरीक झालीच होती

निअँडरथल वेगळे, आपण वेगळे. गाठ पडली असेलही, पण त्यांचे रक्त आपल्यात उतरले नाही, हा पूर्वपक्ष एकेकाळी भक्कम होता. निअँडर खोऱ्यात १८५६ साली सापडलेल्या हाडातून स्वांते पेबो यांच्या गटाने १९९७ मध्ये मायटोकाँड्रियाचा डीएनए काढला, तो आजच्या कोणाशीच जुळेना. पुढच्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लागार व्हेल्यो इथे एका मुलाचा सांगाडा मिळाला. त्यात दोन्हीकडची लक्षणे आहेत असे झिल्याँव आणि ट्रिंकॉस हे संशोधक म्हणाले, तर मूल आपल्यातलेच, जरा आडव्या बांध्याचे, एवढे सांगून विरोधकांनी त्यांना वाटेला लावले.

पण मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. एखादीला मुलगेच झाले की तिची ही रेघ तिथेच खुंटते, नातवंडे मात्र असतातच. एवढ्यावरून अख्ख्या वंशावळीचा निकाल देणे ही घाई होती. २०१० मध्ये क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून निअँडरथलांचा जनुकसंच मांडला गेला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा १ ते ४ टक्के वाटा दिसला.

यावरचा आक्षेप मात्र तोलामोलाचा होता. एरिकसन आणि मानिका यांनी २०१२ मध्ये विचारले: साम्य म्हणजे संकरच कशावरून? आफ्रिकेतल्या जुन्या लोकांतच गट पडलेले असतील. निअँडरथलांचे पूर्वज ज्या गटाला जवळचे, त्यातूनच पुढे आफ्रिका सोडणारे निघाले, तर साम्य आयतेच मिळेल. टक्केवारी कितीही मोजा, तिच्याने याला उत्तर मिळत नाही.

उत्तर तुकड्यांच्या लांबीत आहे. वडिलोपार्जित शेत दर वाटणीला लहान होत जाते, तसे पूर्वजाकडून आलेले डीएनएचे सलग तुकडे दर पिढीला तुटतात. साम्य काही लाख वर्षांचे असते तर त्यांचा भुगा झाला असता. श्रीराम शंकररामन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी या तुटण्यावरून काळ काढला: ३७,००० ते ८६,००० वर्षांपूर्वी. म्हणजे आपले पूर्वज आफ्रिकेबाहेर पडल्यानंतरचा. रोमानियातल्या ओआसे गुहेतल्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या जबड्याने तर वादाला जागाच ठेवली नाही. त्यात निअँडरथल अंश ६ ते ९ टक्के, आणि तुकडे इतके लांब की निअँडरथल पूर्वज चार ते सहा पिढ्यांवरच असला पाहिजे. खापरपणजोबा म्हणा, किंवा त्याच्या एकदोन पिढ्या मागचा कोणी.

‘दोन टक्के म्हणजे किती?’ असे नाक मुरडणाऱ्यांनी करोना आठवावा. आजार गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा निअँडरथलांकडून आल्याचे झेबर्ग आणि पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले. युरोपात तो साधारण १६ टक्के लोकांत आहे, आपल्या दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्यांत.

उरला शेवटचा मुद्दा. एक्स गुणसूत्रावर निअँडरथल अंश फारच थोडा आहे, त्यावरून संकरातल्या मुलग्यांची प्रजननक्षमता कमी असावी असा तर्क २०१४ मध्ये मांडला गेला. तो मला पटण्याजोगा वाटतो. सगळे गोडीगुलाबीने जुळले असे म्हणणाऱ्यांना तो आवर घालतो. पण हाच तर्क कोणी सोयरिकीच्या विरुद्ध वापरू लागले, तर विचारावे लागेल: मुलगे जन्मलेच नसतील, तर त्यांच्या वंध्यत्वाची चर्चा कशासाठी?