होईल सवय!

फोनच्या सिस्टिमचं मोठं अपडेट आलं की पुढचे चार-आठ दिवस सगळीकडे एकच गलका असतो. "चांगलं चाललेलं कशाला बिघडवलं?" "आमचं जुनं होतं तेच परत द्या." "डोळे दुखतात हो!" मग त्या गलक्यात एखादा जाणकार येतो, शांतपणे दोन शब्द टाकतो आणि विषय मिटवतो. "होईल सवय."

हे दोन शब्द आपल्याला काही नवे नाहीत. घरात आलेल्या नव्या सुनेला पिढ्यान् पिढ्या हेच सांगितलं गेलं. तिला सवय व्हायचीही. पण त्यावरून त्या घरातलं सगळं बरोबर होतं असं थोडंच ठरतं? तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती, इतकंच. फोनच्या बाबतीतही माझं म्हणणं एवढंच आहे. लोकांना शेवटी सवय होते, म्हणून त्यांची तक्रार खोटी होती असं होत नाही.

उदाहरणाला आयफोन घेतो, कारण हा सगळा प्रकार तिथे अगदी स्वच्छ दिसतो. २०१३ पर्यंत आयफोनच्या पडद्यावर खऱ्या वस्तूंची नक्कल असायची. टिपणांची वही पिवळ्या रेघी कागदाची, गेम सेंटरला पत्त्यांच्या टेबलासारखं हिरवं कापड, वगैरे. १८ सप्टेंबर २०१३ ला आयओएस ७ आलं आणि जॉनी आईव्ह यांच्या देखरेखीखाली हे सगळं पुसलं गेलं. सपाट चिन्हं, भडक रंग, बारीक अक्षरं, आणि बटणांच्या चौकटी जाऊन नुसते शब्द. फोन जरा कलता केला की मागचं चित्र सरकायचं, ॲप उघडलं की पडदा अंगावर धावून आल्यासारखा मोठा व्हायचा.

काही लोकांना हे रूपच आवडलं नाही. त्यांचं मी सोडून देतो, आवडनिवड आहे ती. आज आयओएस ६ चं चित्र पाहिलं तर मलाही ते जुनाट वाटतं. पण काही जण म्हणत होते की फोन वापरताना मळमळतं, गरगरतं. त्यांची थट्टा झाली. हातातल्या फोनमुळे कुणाला एसटी लागल्यासारखं होतं का म्हणे! तर, होतं. आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. डोळे म्हणतात आपण हलतोय, कान म्हणतात नाही, बसलोय, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. घाटात गाडीत पुस्तक वाचताना होतं ते याच भांडणाचं उलटं रूप. ज्यांची ही यंत्रणा मुळात नाजूक असते त्यांना 'सवय होईल' सांगून काय उपयोग?

महिन्याभरात, २२ ऑक्टोबरला, ७.०.३ आलं. त्यात हालचाल कमी करायची सोय वाढवली आणि ते अंगावर धावून येणंही बंद करता येऊ लागलं. मार्च २०१४ मधल्या ७.१ मध्ये, ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी, बटणांना पुन्हा आकार द्यायचा पर्याय आला. म्हणजे तक्रार करणाऱ्यांत तथ्य होतं हे खुद्द कंपनीनेच मान्य केलं की. फक्त तोंडाने म्हटलं नाही :-)

बारा वर्षांनी पुन्हा तेच. १५ सप्टेंबर २०२५ ला आयओएस २६ आलं, 'लिक्विड ग्लास' नावाचं काचेसारखं रूप घेऊन. बटणांच्या आरपार मागचं दिसतं. दिसायला सुरेख, पण मागे गजबजलेला फोटो असला की अक्षर त्यात हरवतं. चाचणी आवृत्त्या सुरू असतानाच लोक हे सांगत होते. कंपनीनेही त्या काळात काच एकदा धूसर केली, मग पुन्हा पारदर्शक केली. शेवटी ३ नोव्हेंबरच्या २६.१ मध्ये काच पारदर्शक हवी की जरा दाट, हे निवडायची सोय दिली. चाळिशी लागलेल्या कुणालाही आधी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं!

मला वाटतं, त्या गलक्यात तीन आवाज मिसळलेले असतात. एक, 'मला आवडलं नाही'. दोन, 'मला हे जमत नाहीये'. आणि तीन, 'मला न विचारता का केलंत?' पहिल्याला सवय हे उत्तर चालेल. दुसऱ्याला फार तर अर्धं चालेल. तिसऱ्याला मुळीच नाही.

हा तिसरा आवाज आपल्याकडे सगळ्यात स्पष्ट ऐकू आला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. तेव्हा सिस्टिमसुद्धा बदलली नव्हती. बदललं ते गूगलचं फोन करायचं ॲप, जे आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच बसवलेलं असतं. लोक सकाळी उठले तर फोन लावायचा पडदाच वेगळा! आवडते नंबर आणि आलेले-गेलेले कॉल एकाच ठिकाणी, फोन उचलायची पद्धत वेगळी, बटणं मोठी आणि गोल. कुणी काही दाबलं नव्हतं, कुणी हो म्हटलं नव्हतं. अनेकांची पहिली शंका होती, 'माझा फोन हॅक झाला का?' यावरही हसणारे हसले. पण विचार करा, त्याआधी कित्येक महिने फोन लावला की सायबर चोरांपासून सावध राहा अशी कॉलर ट्यून ऐकवली जात होती. फोनमध्ये आपोआप काही बदललं तर संशय घ्या, हेच तर शिकवलं होतं ना? मग संशय घेणारा माणूस अडाणी कसा? तो तर शहाणा विद्यार्थी.

आणि खरी काळजीची गोष्ट इथे आहे. माझ्या मावशीने दोन वर्षांत तिच्या फोनचं एकही अपडेट घेतलेलं नाही. "नको रे बाबा, परत सगळं हलवतील." तिच्या दृष्टीने अपडेट म्हणजे स्वयंपाकघरातले डबे रात्रीत कुणीतरी इकडचे तिकडे लावून जाणं. पण त्याच बटणातून सुरक्षेची दुरुस्तीही येते. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाचं भगदाड सापडलं होतं. नुसत्या एका चित्रसंदेशातून फोनचा ताबा जाऊ शकला असता. त्या ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. म्हणजे हे घेणं किती गरजेचं आहे बघा. औषध आणि रंगरंगोटी एकाच बाटलीतून दिली की रंगाला कंटाळलेला माणूस औषधही टाळतो. मावशीला मी रागावू कसा?

दोन्ही वेगळं देता येत नाही, असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा ॲपलने आयओएस १४ वरच राहून सुरक्षा दुरुस्त्या घ्यायची मुभा दिली होती. पुढच्या जानेवारीपर्यंत ती बंद झाली. आयओएस ७ च्या वेळी तर थोड्याच दिवसांत मागे फिरायची वाट बंद झाली होती. आणि अवघ्या पाच दिवसांत कंपनीने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की २० कोटींहून जास्त उपकरणांवर ते चालू आहे. असेल ना. एकदा आत गेल्यावर दार लावून घेतलं तर माणसं आतच दिसणार!

बदल करूच नका असं मी म्हणत नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. सुरक्षेचं अपडेट वेगळं ठेवा. रूप बदलणार असाल तर आधी सांगा, आपल्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. आणि निदान सहा महिने परत फिरता येऊ द्या.

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. घरातलं कुणी फोन पुढे करून "हे असं काय झालं रे?" म्हणालं, की ते दोन शब्द गिळायचे आणि दहा मिनिटं शेजारी बसायचं. अक्षर मोठं करून द्यायचं, हालचाल बंद करून द्यायची, फोन कसा उचलायचा ते दोनदा करून दाखवायचं. येत्या रविवारी मावशीकडे जाणार आहे. अपडेट लावायचं आहे, पण ती हो म्हणाली तरच.

तुमच्या घरी काय परिस्थिती आहे? जरूर लिहा.